खडा पडेल तिथे

एकदा एक वृद्ध आचार्य होते आणि त्यांची विद्या जरा निराळी होती. इतर विद्वान आकाशाकडे बघून भविष्य सांगत, हे जमिनीकडे बघून सांगत. कुणाला देऊळ बांधायचं असो, नदीला घाट बांधायचा असो की गावाला वेस, गवंड्याला बोलावण्याआधी शहाणी माणसं आचार्यांना बोलावीत आणि विचारीत, ही जमीन आमचं ओझं पेलेल का? जी तेवढी शहाणी नसत, ती भिंतीला तडा गेल्यावर बोलावीत. आचार्य त्यांच्याकडेही जात आणि आधी का नाही बोलावलंत, असं चुकूनही विचारीत नसत. विचारून तडा बुजत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

जमीन तपासण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी जागेवर दोऱ्या ताणून तिचे चौकोन पाडायचे. मग प्रत्येक चौकोनाकडे पाठ करून उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे एक खडा टाकायचा. खडा पडेल तिथेच खड्डा खणायचा. बाभळीचं मूळ लागो की धोंडा आडवा येवो, जागा हलवायची नाही. खड्डा कमरेइतका झाला की तळाशी पहार उभी धरायची, दोरीनं वर ओढलेला दगडी ठोकळा ठरलेल्या उंचीवरून तिच्या माथ्यावर सोडायचा आणि पहार किती आत उतरते ते बघायचं. घट्ट जमीन पहारेला दाद देत नाही. भुसभुशीत जमीन तिला मुकाट्यानं आत घेते.

नव्या शिष्यांना या खड्याचं हसू येई. धडधाकट डोळे असताना पाठमोरं उभं राहून खडा काय फेकायचा? आचार्य म्हणत, डोळ्यांना आवडीची जागा शोधायची सवय असते, खड्याला आवडनिवड नसते. शिष्य मान डोलवीत आणि मनातल्या मनात हसतच राहत. तरुण माणसांचं तसंच असतं, त्यात त्यांचा दोष नाही.

आश्रमातल्या या शिष्यांमध्ये रामलिंग नावाचा एक होता. अंगानं दणकट, मनानं हळवा. कितीतरी वर्षं त्यानं आचार्यांच्या मागून पहार वाहिली होती, खड्डे खणले होते, मातीचं ढेकूळ मुठीत दाबून त्याचा कस ओळखायला तो शिकला होता. पण आजवर जमीन चांगली की वाईट हे सांगत ते आचार्य. रामलिंगाच्या मनात एकच इच्छा घर करून बसली होती. कधीतरी आपल्या शब्दावर कुणीतरी भिंत उभी करावी.

अशात दूरच्या एका गावाहून बोलावणं आलं. तिथल्या धान्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला कोठार बांधायचं होतं, आणि तेही गावासाठी. दर सुगीला प्रत्येक घरानं त्यात आपल्या ऐपतीनं धान्य घालावं आणि पाऊस रुसेल त्या वर्षी गावानं तेच खावं, अशी त्याची योजना होती. आचार्य तेव्हा एका घाटाच्या कामात अडकले होते. त्यांनी रामलिंगाला जवळ बोलावलं आणि पुढे जायला सांगितलं. ते म्हणाले, "मी मागाहून येईन. पण जमीन तू बघणार आहेस, तेव्हा शब्दही तुझाच राहील."

रामलिंग त्या वाटेनं चालत गेला म्हणण्यापेक्षा पळतच गेला म्हणायला हवं.

गावात त्याचं फार अगत्यानं स्वागत झालं. शेठजी उतारवयाचे होते आणि थोडं चाललं तरी त्यांना धाप लागे. त्यांच्या पत्नी, ज्यांना गाव काकू म्हणत असे, रामलिंगाला घरच्या मुलासारखं आग्रह करकरून वाढत. एके दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर शेठजींनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं आणि कोठाराचं खरं कारण सांगितलं. मागच्या दुष्काळात त्यांची वखार भरलेली होती आणि गावातल्या चुली थंड होत्या. त्यांनी कुणाला लुबाडलं नव्हतं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं होतं, कारण पुढचं सालही कोरडं गेलं तर घरच्यांनी काय खायचं, या भीतीनं त्यांना ग्रासलं होतं. पुढच्या साली पाऊस भरपूर पडला. वखारीतलं धान्य तसंच शिल्लक राहिलं. शेजारच्या घरातली म्हातारी आणि तिची सून मात्र तोवर राहिल्या नव्हत्या.

"त्या घराचं दार अजून बंद आहे," शेठजी म्हणाले. "मी रोज त्याच्यासमोरून जातो. हे कोठार एकदा भरलेलं बघू दे मला. मग माझं काही मागणं नाही."

काकूंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. या माणसाचं काम आपल्या हातून झालंच पाहिजे, असं रामलिंगानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. असं ठरवण्यात वाईट काही नव्हतं, पण जमीन बघायच्या आधीच त्यानं ते ठरवलं होतं.

गावच्या दृष्टीनं तर जमिनीचा प्रश्न केव्हाच सुटला होता. रामलिंग येण्यापूर्वीच मुहूर्त काढणाऱ्या जोशीबुवांनी ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे भूमिपूजन व्हायचं होतं तिथे, हातभर खड्डा खणून निघालेली माती पुन्हा त्यातच भरून पाहिली होती. खड्डा भरून माती उरली. माती उरली म्हणजे जमीन उत्तम, अशी समजूत. सगळं गाव खूश झालं, वैशाखातला मुहूर्तही धरला गेला. पूजेच्या कोपऱ्यात धान्य ठेवायचं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोठाराचे सर्वांत जड खण नैर्ऋत्येला यायचे होते, कारण जडभार नैर्ऋत्येला ठेवावा ही रीत. परीक्षा एका कोपऱ्याची झाली होती आणि ओझं बसणार होतं नेमक्या समोरच्या कोपऱ्यावर. आता तुम्ही हसाल. पण मुलीचं स्थळ बघताना दिवाणखाना बघून स्वयंपाकघराची खात्री करून घेणारी माणसं आपणही बघितली आहेत.

रामलिंगानं मात्र रीतसर दोऱ्या ताणल्या, चौकोन पाडले, पाठमोरं उभं राहून खडे टाकले. खड्ड्यामागून खड्डे झाले. खाली पिवळसर कठीण मुरूम लागत होता आणि पहार त्यात बोटभर जाऊन हटून बसत होती. शेठजी बांधावर छत्री घेऊन उभे असत. पहार थांबली की त्यांचा चेहरा खुले, आणि तो खुललेला बघून रामलिंगालाही उत्साह येई.

मग नैर्ऋत्येचा चौकोन आला. तिथला खड्डा वरून बाकीच्यांसारखाच दिसत होता. पहार उभी केली, ठोकळा सुटला आणि पहार हातभर आत गेली. दुसऱ्या ठोक्याला आणखी गेली. रामलिंगानं मातीचं ढेकूळ मुठीत दाबलं, ते बोटांमधून चिखलासारखं बाहेर आलं. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून शेठजी बांधावर नव्हते.

रामलिंग खड्ड्याच्या काठावर बसला. त्यानं स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली, आणि समजूत घालायला बसलं की कारणं भराभर सुचतात. इथे उंदराचं बीळ असेल. जुन्या झाडाचं खोड कुजलं असेल. खडा पडल्यावर घरंगळला असेल, नाहीतर असा एकच खड्डा वेगळा का निघावा? शेजारीच बाभळीचं झाड होतं. त्याच्या बुंध्याजवळ जमीन टणक दिसत होती. त्यानं मजुरांना तिथे खणायला सांगितलं. तिथे मुरूम लागला, पहार हटून बसली. पहिला खड्डा त्यानं बुजवायला लावला आणि नैर्ऋत्येचा खड्डा म्हणून हाच दुसरा मनाशी धरला. हे त्यानं लबाडीनं केलं असं त्याला वाटत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

मुहूर्त तोंडावर आला असताना आचार्य येऊन पोचले. हातपाय धुऊन ओसरीवर बसले. रामलिंगानं एकेका चौकोनाचं सांगितलं. सगळीकडे मुरूम, सगळीकडे पहार बोटभर. शेठजी हसतमुखानं ऐकत होते. काकूंनी गूळपाणी आणून ठेवलं. सगळ्यांना वाटलं, आचार्य आता शिष्याची पाठ थोपटतील.

आचार्यांचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी शांतपणे विचारलं, "सगळीकडे सारखंच?"

सगळीकडे, असं रामलिंग म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

"मग पुन्हा खडे टाकू," आचार्य म्हणाले. "उद्या सकाळी. सगळ्या चौकोनांत."

शेठजींना काही कळेना. वाईट निघालं असतं तर पुन्हा बघण्यात अर्थ होता. चांगलं निघालेलं उकरून कशासाठी बघायचं? म्हातारपणी माणूस हट्टी होतो असं ते ऐकून होते. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण मुहूर्त जवळ आल्याची आठवण दोनतीनदा करून दिली. आचार्यांनी त्यांना उलट प्रश्न केला. तुमच्याकडे कुणी ज्वारीची पोती घेऊन आला, तुम्ही प्रत्येक पोत्यात परखीची पोकळ सळई घालून दाणे काढले आणि साऱ्या पोत्यांतले दाणे हुबेहूब सारखे निघाले, तर तुम्ही काय समजाल?

शेठजींनी सवयीनं उत्तर दिलं. पोती मला दाखवण्यासाठी मुद्दाम लावली आहेत, असं समजेन. एकाच शेतातली ज्वारीसुद्धा थोडी उन्नीस-बीस असतेच. एवढं बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणच आपल्याला अडकवलं, आणि ते जरा घुश्श्यातच आत गेले.

"मीही तेवढंच म्हणतो," आचार्य त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले. "जमीन थोडी तरी उन्नीस-बीस असते. तशी ती सापडली नाही, तर आपलंच बघायचं काहीतरी राहून गेलं असेल."

ते रामलिंगाला वेगळं काहीच बोलले नाहीत. त्याच्याकडे बघितलंही नाही. रामलिंगाला वाटलं, त्यांनी चार शब्द रागावून बोलावेत, म्हणजे निदान सुटका होईल. पण राग न येणाऱ्या माणसापुढे अपराध्याची फार पंचाईत होते.

सकाळी सगळे जागेवर जमले. शेठजी बांधावर येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे काकू. आचार्यांनी खड्यांची ओंजळ रामलिंगाच्या हातात दिली आणि कुठूनही सुरुवात कर म्हणाले. रामलिंगाला लपवणं सोपं होतं. त्यानं ईशान्येकडून सुरुवात केली असती, तर नैर्ऋत्य यायला दुपार झाली असती. खडा कदाचित बाभळीजवळच पडला असता. कदाचित काहीच उघडकीला आलं नसतं. हा सगळा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण बांधावर धापा टाकत उभ्या असलेल्या शेठजींकडे त्याची नजर गेली, आणि या माणसाला आपण काय देणार आहोत, हा विचार त्याला पुढे जाऊ देईना.

त्यानं खडे खाली ठेवले. तो नैर्ऋत्येच्या चौकोनात गेला, बुजवलेल्या खड्ड्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "खडा इथे पडला होता. पहार आत गेली म्हणून मी जागा बदलली."

शेठजींनी छत्री मिटली. आचार्य त्याच्याजवळ चालत आले आणि त्यांनी मजुरांना तो खड्डा पुन्हा उघडायला सांगितलं. मग त्यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली. बाकीच्या सगळ्या चौकोनांकडे त्यांनी पाठ फिरवली. पुन्हा खडे टाकायचं कालचं बोलणं त्यांनी सोडून दिलं आणि त्या एका खड्ड्याच्या भोवती, अगदी जवळजवळ, नवे खड्डे खणायला लावले. लांबलांबच्या जागांनी सारखीच उत्तरं दिली होती, त्यांना पुन्हा पुन्हा तेच काय विचारायचं? ज्यानं वेगळं उत्तर दिलं त्याच्याजवळ बसायला हवं, असं ते म्हणाले. मातीला शेजारधर्म असतो. एका जागी ती मऊ असेल तर जवळपासही मऊ असण्याचा संभव फार. ती कुठवर मऊ आहे आणि कुठे पुन्हा घट्ट होते, ती सीमा शोधायची.

सीमा सापडायला बराच वेळ गेला. मऊ मातीचा एक पट्टा नैर्ऋत्येचा कोपरा तिरका कापत पलीकडच्या शेतात गेला होता. कधीकाळी तिथून ओढा वाहत असावा आणि गाळानं भरून तो बुजला असावा. वर गवत, आत चिखल. बाभूळ नेमकी त्या पट्ट्याच्या काठावर, मुरुमात उभी होती. पट्ट्याच्या मधोमध पहार पूर्ण आत गेली तरी तळ लागला नाही.

शेठजी खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अजीजी होती. एवढे सगळे खड्डे चांगले आणि हा एवढासा तुकडा वाईट, असं ते म्हणाले. सगळ्यांची सरासरी काढली तर जमीन उत्तमच ठरते ना? त्यांच्या वखारीत एखादं पोतं हलकं निघालं तर ते चांगल्या मालात मिसळून टाकत आणि कुणाला पत्ताही लागत नसे. दगड टाकून तो पट्टा भरावा आणि मुहूर्त साधावा.

आचार्य त्यांच्याशेजारी मातीतच बसले. "शेठजी, पोत्यातलं धान्य मिसळता येतं," ते म्हणाले. "जमीन मिसळता येत नाही. भिंत काही सगळ्या खड्ड्यांवर आपलं ओझं सारखं वाटून उभी राहत नाही. तिचा प्रत्येक कोपरा आपल्या पायाखालच्या मातीवर उभा असतो. ईशान्येचा मुरूम कितीही कठीण असला, तरी नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. सरासरी सांगायला सोयीची आहे, पण तिच्यावर कुणाला उभं राहता येत नाही."

शेठजींनी विचारलं, मग कोठार होणार की नाही?

"शब्द रामलिंगाचा आहे," आचार्य म्हणाले. "जमीन त्यानं पाहिली आहे."

रामलिंगाला वाटलं होतं की आपला शब्द आता काढून घेतला गेला. तो पुन्हा त्याच्याच हातात येऊन पडला, आणि आता त्याचं वजन त्याला पेलवेना. तरी तो बोलला. गाळ किती खोल आहे ते कळल्याशिवाय किती दगड टाकायचे, हे कुणाला सांगता येणार नाही. ते बघेपर्यंत पाऊस तोंडावर येईल आणि हा पट्टा पाणी धरेल. कोठार पूर्वेला सरकवावं, जरासं फिरवावं, म्हणजे सगळ्या भिंती मुरुमावर येतील. मऊ पट्टा मोकळा सोडावा, तिथे धान्य वाळवायचं अंगण करावं. पण त्यासाठी सगळी आखणी नव्यानं करावी लागेल आणि सरकलेल्या जागेत पुन्हा खड्डे घ्यावे लागतील. या मुहूर्तावर काम धरता येणार नाही. दिवाळीनंतरच.

"दिवाळीनंतर," शेठजी म्हणाले. "तोवर मी असेन का रे?"

रामलिंग त्यांच्याजवळ वाकला. शेठजींनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, हळूहळू उठले आणि घराकडे चालू लागले. मुहूर्त मोडला असा निरोप त्यांनी स्वतःच जोशीबुवांकडे धाडला.

परतीच्या वाटेवर रामलिंग पहार घेऊन मागून चालत होता. एका आंब्याखाली आचार्य टेकले तेव्हा तो त्यांच्या पायाशी बसला आणि मला आता आश्रमातून जायला सांगा, असं म्हणाला. आचार्यांनी त्याला विचारलं की तू जागा का बदललीस? कामाच्या लोभानं, असं रामलिंग म्हणाला. आचार्यांनी नकारार्थी मान हलवली.

"थोडा लोभ असेल. पण खरं कारण ते नव्हतं. तुला शेठजींची माया आली होती. त्यांचा चेहरा उतरलेला तुला बघवणार नव्हता. माया असावीच. माया नसलेल्या माणसानं दुसऱ्याच्या घराखालची जमीन बघू नये. पण ती पहारेच्या टोकाला लावायची नाही. पहारेला जेवढं कळलं तेवढं आधी सांगायचं, आणि मग ते ऐकणाऱ्याचा हात धरायचा."

ते पुढे म्हणाले, "मी खडा का टाकायला सांगतो? सगळी जमीन खणून बघता आली असती तर खड्याची गरज नव्हती. पण सगळी खणली तर बांधायला जमीन उरणार नाही. आपण थोडीशीच बघतो आणि तिच्यावरून न बघितलेल्या साऱ्या जमिनीबद्दल बोलतो. एवढं मोठं धाडस आपण करतो, रामलिंग. म्हणून जे थोडं बघितलं त्यातलं काही गाळायचा अधिकार आपल्याला नाही. जो खड्डा सगळ्यांपेक्षा वेगळा निघतो, तो आपल्याला चिडवायला आलेला नसतो. आपल्याला माहीत नसलेलं तेवढं एक तो सांगून जातो."

"आणि मी?" रामलिंगानं विचारलं.

"तुझ्यातही एक मऊ जागा सापडली," आचार्य म्हणाले. "ती कुठे आहे हे आता तुलाही कळलं, मलाही कळलं. जमीन सोडून देण्याचं ते कारण होत नाही. चल, ऊन चढतंय."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. सरकलेल्या जागेत रामलिंगानं पुन्हा खडे टाकले, आणि जो खड्डा सर्वांत कच्चा निघाला तो शेठजींना सगळ्यात आधी नेऊन दाखवला. त्या बाजूचा पाया रुंद घेतला. शेठजी आता बांधावर उभे राहू शकत नव्हते. त्यांच्यासाठी खाट टाकलेली असे. भिंती छातीइतक्या झाल्या आणि पौषातल्या एका थंडीत शेठजी गेले. कोठाराला तेव्हा छप्परही नव्हतं.

रामलिंगाला ती बातमी आश्रमात कळली. त्यानं मनात हिशेब मांडला आणि तो मांडल्यावाचून त्याला राहवेना. वैशाखात पाया घातला असता तर दिवाळीपर्यंत छप्पर चढलं असतं, बाजरी आत पडली असती, आणि शेठजींनी कोठार भरलेलं बघितलं असतं. कितीतरी दिवस हा हिशेब त्याच्या मागे लागला होता.

पुढच्या उन्हाळ्यात कोठार पूर्ण झालं. खळी उरकली होती. गावातली माणसं डोक्यावरून, गाडीतून धान्य घेऊन येत होती आणि अंगणात ज्वारी पसरलेली होती. आचार्य आणि रामलिंग दोघांनाही आमंत्रण होतं. धान्य आत पडू लागलं तेव्हा काकू रामलिंगाजवळ आल्या. त्यांचं कपाळ मोकळं होतं. त्यांनी त्याला जरा बाजूला बोलावलं, तरी चार माणसं ऐकण्याइतक्या अंतरावर होतीच.

"बाळ, मला एक खरं सांग," त्या म्हणाल्या. "त्या वैशाखात बांधलं असतं, तर कोठार पडलं असतं ना?"

आसपासची माणसं थांबून त्याच्याकडे बघू लागली. रामलिंगाला त्या प्रश्नातली विनवणी कळली. पडलं असतं, एवढं म्हणणं पुरेसं होतं. मग काकूंच्या मनाची समजूत पटली असती की आपला नवरा फुकट वाट बघत गेला नाही, त्याच्या थांबण्यानं गाव वाचलं. ते ऐकायला सगळे उत्सुक होते. आणि ते म्हटलं तर खोटं आहे, असं कुणालाही कधी सिद्ध करता आलं नसतं. त्याला काकूंची फार माया आली.

"सांगता येत नाही, काकू," तो म्हणाला. "पडलं असतं, तडा गेला असता, किंवा कदाचित उभंही राहिलं असतं. मऊ जमिनीवरही काही घरं उभी राहतात. मला एवढंच ठाऊक होतं की राहील अशी हमी मला देता येत नव्हती." त्यानं वाकून काकूंचे हात हातात घेतले. "शेठजींनी भरलेलं कोठार बघितलंही असतं. तेही मला माहीत आहे."

रामलिंगानं हात सोडले नाहीत. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"शेवटी शेवटी मीच त्यांना म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "की त्या पोराचं ऐकायला नको होतं. तर मला म्हणाले, त्यानं मला वाईट ते तोंडावर सांगितलं. दुष्काळात मला कुणी तसं सांगितलं असतं, तर मी दार उघडलं असतं."

मग त्यांनी पदर सावरला आणि धान्याचं माप घेऊन त्या कोठारात गेल्या.

आचार्य अंगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रामलिंग जवळ आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की नदीपलीकडच्या गावाहून देवळाच्या जमिनीसाठी बोलावणं आलंय. मी येणार नाही, तू एकटाच जा. रामलिंगानं मान डोलावली. त्याला आनंद झाला होता, पण वर्षापूर्वी याच गावाकडे पळत येताना झाला होता तसा नव्हता.

नक्की ना, असं आपल्यालाही रोज कुणीतरी आशेनं विचारतं. अशा वेळी जेवढं खणून बघितलं तेवढंच सांगावं, बाकीचं ठाऊक नाही म्हणावं आणि विचारणाऱ्याचा हात सोडू नये.